पिंजोरमधलं गिधाडाचं पिल्लू आणि त्यामागची वीस-पंचवीस वर्षं

गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. त्यावर नर-मादी आळीपाळीने पन्नासेक दिवस बसतात, पिल्लू बाहेर आलं की दोघंही खाल्लेलं मांस परत तोंडात आणून त्याला भरवतात, ते उडायला लागेपर्यंत आणखी चारेक महिने जातात आणि त्याला स्वतःचं पिल्लू व्हायला साधारण पाच वर्षं लागतात. हा हिशोब आधी लक्षात घ्या, मग हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रात जन्मलेल्या एकेका पिल्लाचं एवढं अप्रूप का आहे ते कळेल.

१९८० च्या दशकापर्यंत गिधाडं मुद्दाम बघायला कोणी जात नव्हतं. गावाबाहेर ढोरं टाकायची जागा असायची, तिथे मेलेली म्हैस पडली की आभाळात घिरट्या सुरू, आणि थोड्याच वेळात नुसता सांगाडा शिल्लक. देशात कोट्यवधी गिधाडं होती. मग १९९० च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे (बीएनएचएस) विभू प्रकाश यांच्या लक्षात आलं की आधी भरलेली असायची ती घरटी रिकामी पडलीत, झाडाखाली मेलेली गिधाडं सापडतायत, आणि जी जिवंत आहेत त्यातली काही मान खाली टाकून सुस्त बसलीत. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारातलं एक उरलं, लांब चोचीची आणि निमुळत्या चोचीची शंभरातली जेमतेम तीन. एवढ्या वेगाने पक्षी संपल्याची उदाहरणं जगात फार कमी आहेत.

सुरुवातीला सगळ्यांना वाटलं कुठला तरी संसर्ग असणार. पिंजोरला हरियाणा वनखातं आणि बीएनएचएसने आधी जे उभं केलं ते आजारी गिधाडांसाठीचं केंद्रच होतं, प्रजननाचं नाही, कशाने मरतायत हेच शोधायचं होतं. उत्तर आलं पाकिस्तानातून, २००४ मध्ये. पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि त्यांच्या टीमने मेलेली गिधाडं उघडून बघितली तर बहुतेकांच्या काळजावर, यकृतावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर होता, म्हणजे किडनी बंद पडून युरिक ॲसिड साठलेलं. आणि कारण निघालं डायक्लोफेनॅक, गुरांच्या दुखण्यावरचं साधं, स्वस्त इंजेक्शन. ते दिल्यावर जनावर लवकर मेलं तर औषध त्याच्या मांसात राहतं आणि तिथून गिधाडाच्या पोटात जातं. नंतरच्या गणितात असं दिसलं की शंभरात एकापेक्षाही कमी ढोरं अशी असली तरी गिधाडं संपायला पुरतं, कारण एका ढोरावर किती गिधाडं एकदम उतरायची ते आठवा!

२००६ मध्ये भारतात गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली आणि मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना न मारणारा पर्याय मिळाला. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचणं चालूच राहिलं, म्हणून २०१५ मध्ये बाटली ३ मिलीची करावी लागली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक या गिधाडांना मारणाऱ्या आणखी दोन औषधांवर गुरांसाठी बंदी आली. माझ्या मते या सगळ्या कथेत सगळ्यात जास्त वेळ वाया गेला तो इथे.

बंदीचा परिणाम दिसेपर्यंत जात टिकायला हवी म्हणून प्रजनन केंद्र. तिन्ही जातींची गिधाडं गोळा केली, त्यांना एकत्र राहायला, उडायला जागा मिळेल अशी भलीमोठी पक्षीगृहं बांधली. आता अडचण बघा, नर आणि मादी दिसायला सारखेच, त्यामुळे जोड्या माणसाने लावून चालत नाही, त्यांच्या त्यांनीच जमवायच्या आणि आपण कॅमेऱ्यावर वाट बघायची. खायला बकऱ्याचं मांस, पण तो बकरा आधी काही दिवस वेगळा ठेवायचा, म्हणजे त्याच्या अंगात कुठलं औषध असेल तर निघून जाईल, आणि मगच कापायचा. मला या केंद्राच्या कामातली ही गोष्ट सगळ्यात आवडते. बाहेर ज्या खाण्याने गिधाडं मेली तेच खाणं इथे एवढ्या जपून दिलं जातं.

२००७ च्या सुरुवातीला पहिलं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं, पण जगलं नाही. पुढच्या वर्षी पांढऱ्या पाठीची पिल्लं उडण्याएवढी मोठी झाली, मग निमुळत्या चोचीची, आणि २०१० पर्यंत तिन्ही जातींची. वर्षाला एका अंड्याने हे फार हळू चालणार म्हणून एक युक्ती केली, पहिलं अंडं काढून इनक्युबेटरमध्ये ठेवायचं, म्हणजे काही जोड्या त्याच हंगामात दुसरं घालतात. पिंजोरनंतर पश्चिम बंगालमध्ये राजाभातखावा, आसामात राणी आणि भोपाळ इथेही केंद्रं झाली.

सोडायची वेळ यायला २०२० उजाडलं, पिंजोरहून पांढऱ्या पाठीची आठ गिधाडं पाठीवर टॅग लावून बाहेर सोडली. २०२४ मध्ये आपल्याकडे ताडोबा आणि पेंचला पिंजोरचीच गिधाडं आणून, काही महिने तिथल्या पक्षीगृहात रुळवून मोकळी केली. ताडोब्यातलं एक तर राज्यांमागून राज्यं ओलांडत, हजारो किलोमीटर फिरत थेट तामिळनाडूत पोचलं. वाट दाखवायला आईबाप नाहीत, सोबत थवा नाही, तरी गेलं. तिथे विजेच्या तारेचा शॉक बसून ते मेलं.