स्पीती कोपऱ्यात कधी गेली?

हिमाचल प्रदेशातल्या स्पीती खोऱ्यातून परतलेला माणूस हमखास सांगतो, 'जगाच्या टोकाला जाऊन आलो.' काझा या तिथल्या मुख्य गावाच्या वर, ४५०० मीटरच्याही पुढे असलेल्या कोमिक गावात तर तसा फलकच आहे: मोटार जाते असं जगातलं सर्वांत उंच गाव. फलकाचं खरंखोटं राहू द्या. गंमत ही, की आपण ज्याला टोक म्हणतो त्या खोऱ्याच्या नावाचा अर्थ 'मधला प्रदेश' असा सांगितला जातो. तिबेट, लडाख, किन्नौर आणि कुल्लू यांच्या मधला. स्पीती कोपऱ्यात गेली ती अगदी अलीकडे.

ताबोचा मठ पाहिला की हे लगेच पटतं. पश्चिम तिबेटमधल्या गुगे राज्याच्या येशे-ओ या राजाने तो इ. स. ९९६ मध्ये उभारला. संस्कृत ग्रंथ तिबेटीत आणणारे रिंचेन झांगपो हे त्याच काळातले. बाहेरून बघाल तर मातीचे ठेंगणे ठोकळे. आत मात्र काश्मिरी वळणाची चित्रं आणि भिंतींतून पुढे आलेल्या मूर्ती. असलं काम आडवाटेच्या खेड्यात होत नाही. पंडित, कारागीर आणि पैसा या वाटेने येत-जात होते, म्हणून ते झालं.

वाटेवर असण्याची किंमतही होती. सतराव्या शतकापासून स्पीती बराच काळ लडाखच्या ताब्यात राहिली, पण शेजारच्या इतर सत्तांनाही ती काही ना काही देत असे. लढाई येणार असं दिसलं की गावं रिकामी करून लोक डोंगरात निघून जात. ढंकरचा किल्ला-मठ ज्या सुळक्यावर चिकटून बसला आहे, तो पाहताना 'काय सुंदर जागा निवडलीय' असं वाटतं. निवड सौंदर्यासाठी झाली नव्हती. १८३४ नंतर जोरावर सिंगाच्या, म्हणजे जम्मूच्या डोग्रा फौजांनी लडाख जिंकलं आणि त्याच धामधुमीत 'की' गावच्या मठाचीही लूट झाली.

१८४६ मध्ये नकाशा बदलला. काश्मीर आणि लडाख जम्मूच्या गुलाब सिंगाकडे गेले, स्पीती मात्र इंग्रजांनी स्वतःकडे ठेवून कुल्लूला जोडली. या ओसाड खोऱ्यात त्यांना काय हवं होतं? लोकर. तिबेटची पश्म मध्ये परक्या राज्याचा जकातनाका न लागता आपल्या मुलखात यावी, एवढाच हिशेब. राज्य चालवण्याची हौस मात्र नव्हती. १८७३ च्या कायद्याने सारावसुली, आणि खुनाखेरीज बाकी सगळ्या गुन्ह्यांचे खटलेही, 'नोनो' या स्थानिक वतनदाराकडे सोपवून साहेब मोकळा झाला.

गावं इतकी उंचावर का, हा प्रश्न इथे आलेल्या प्रत्येकाला पडतो. खाली एवढी मोठी नदी असताना किब्बर, लांगझा, हिक्कीम, कोमिक ही सगळी ४२०० मीटरच्या वर कशाला? उत्तर पाण्यात आहे. पीर पंजालची रांग पावसाळी ढग अडवते, त्यामुळे स्पीतीत पाऊस नावालाच. नदी वाहते ती खोल घळीत. तिचं पाणी शेताला चढत नाही. उपयोगाचं पाणी ते बर्फ वितळून वरून उतरणारं, आणि ते जिथे सपाट जागेवर पाटाने फिरवता येतं तिथेच गाव. त्या पाटाला इथे कूल म्हणतात. किती घरं वसणार हे त्या कुलीनेच ठरवलं. जवाचं एकच पीक, तेही जेमतेम. मग जमिनीचे तुकडे पाडणं परवडणार कसं? म्हणून घर आणि शेत थोरल्याचं, धाकट्यांनी मठात जायचं. मठ भरलेले दिसतात ते भक्तीने, हे खरंच. पण त्यात शेताचं गणितही आहे. २०११ च्या जनगणनेतही सगळ्या स्पीतीची वस्ती बारा हजारांच्या आसपासच होती.

(लांगझाच्या उतारावर दगडात शंखासारखे जीवाश्म सापडतात. शाळिग्राम ज्या प्राण्यांचे, त्याच जातकुळीचे. हिमालय उठण्यापूर्वी इथे टेथिस समुद्र होता. पण ही पार्श्वभूमी फारच मागची झाली.)

खरा बदल गेल्या साठ-सत्तर वर्षांतला. तिबेटवर चीनचा ताबा आला, १९६२ चं युद्ध झालं आणि पूर्वेकडचा व्यापार बंद पडला. शतकानुशतकं चारही बाजूंनी उघडं असलेलं खोरं आता सरहद्दीवरचं, परवान्याचं झालं. लाहौल-स्पीती हा जिल्हा १९६० मध्ये पंजाबात तयार झाला आणि १९६६ मध्ये हिमाचलात आला. परदेशी पाहुण्यांना दार उघडलं ते १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. म्हणजे पर्यटकाला जी 'अस्पर्श' स्पीती भेटली, ती आधी तीस वर्षं बंद ठेवलेली होती.

त्यानंतर जवाच्या जोडीला हिरवा वाटाणा आला. त्याला बाहेर भाव मिळतो, त्यामुळे रोख पैसा आला. घरातल्या एक-दोन खोल्या पाहुण्यांसाठी निघाल्या. २०२० मध्ये रोहतांगखालून अटल बोगदा सुरू झाला, पण त्याने लाहौल जवळ आलं. स्पीतीच्या दारातली साडेचार हजार मीटरची कुंझुम खिंड अजून हिवाळाभर बर्फाखालीच असते. तेव्हा उरते ती किन्नौरकडून, दरडींच्या कृपेवर चालणारी वाट.

किब्बरच्या मागे परांग ला ही साडेपाच हजार मीटरची खिंड आहे. किब्बरचे लोक जव घेऊन ती ओलांडत, पलीकडच्या चांगपा मेंढपाळांकडून लोकर आणि मीठ आणत. आज त्याच वाटेने ट्रेकर लडाखमधल्या त्सो मोरिरी सरोवराला जातात. घोडे किब्बरचेच असतात, फक्त पाठीवर जवाऐवजी तंबू असतात.