गप्प बसलेला कुत्रा आणि निवांत झालेला कुत्रा

विसर्जनाची मिरवणूक आटोपली की सांगलीत कुत्री पाळणाऱ्यांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येतं: "पहिल्या वर्षी लई धिंगाणा घातला, आता सवय झालीय. डॉल्बी दारावरनं गेला तरी पलंगाखाली गप्प पडून असतो." ऐकणाऱ्यालाही हायसं वाटतं. पण पलंगाखाली गप्प पडलेला कुत्रा दोन प्रकारचा असू शकतो. एकाची भीती खरोखर ओसरलेली असते. दुसऱ्याची भीती आहे तेवढीच आहे, त्याने फक्त धडपड सोडून दिलेली असते. लांबून दोघे सारखेच दिसतात, आणि दुसऱ्याला पहिला समजलं की त्याचे हाल दरवर्षी तसेच चालू राहतात.

फरक बघायचा तर जवळ जाऊन, जमिनीवर बसून बघावा लागतो. निवांत झालेला कुत्रा आवाजाची दखल घेतो. बाहेर सुतळी बॉम्ब फुटला की त्याचा एक कान वळतो, डोकं वर येतं, तो तुमच्याकडे बघतो आणि परत डोकं टेकवतो. कूस बदलतो, मागचे पाय एका बाजूला सोडून पसरतो. चिकनचा तुकडा नाकाशी धरला तर घेतो. दबून गप्प बसलेला कुत्रा मात्र हलतच नाही. बॉम्ब फुटो की हाक मारा, त्याची मान वळत नाही. अंगावर हात ठेवला तर पाठ लाकडासारखी ताठ लागते. कान मागे चिकटलेले, शेपूट पोटाखाली, बुबुळं मोठी आणि कडेला डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो. कधी धाप लागलेली असते, कधी तोंड घट्ट मिटलेलं. एरवी ज्या तुकड्यासाठी तो उड्या मारतो तो समोर तसाच पडून राहतो. आणखी एक खूण शहाबादी फरशीवर सापडते. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना, त्यामुळे भेदरलेला कुत्रा उठून गेला की फरशीवर पंजांचे ओलसर ठसे राहतात. ते दिसले, तर तो कितीही शांत पडला होता असं वाटलं तरी विश्वास ठेवू नका.

ही दुसरी शांतता येते कुठून, याचं उत्तर एका क्रूर प्रयोगातून मिळालं. १९६७ साली अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मेयर यांनी काही कुत्र्यांना विजेचे झटके दिले. झटका थांबवणं कुत्र्याच्या हातात नव्हतं. पुढे त्याच कुत्र्यांना अशा पेटीत ठेवलं, जिथे मधला बुटका अडसर ओलांडला की झटक्यातून सुटका होती. बरीचशी कुत्री उडी न मारता तिथेच पडून कण्हत राहिली. सुटायचा प्रयत्नच त्यांनी सोडून दिला होता. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, या दोघांनीच आपला निष्कर्ष सुधारला: त्रास लांबत गेला की निपचित पडणं ही मेंदूची मूळची प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते वेगळंच, की आपण काही केलं तर परिस्थिती बदलते.

"कानावर पडू दे, आपोआप सवय होईल" हा आपल्याकडचा सर्रास सल्ला मला म्हणूनच घातक वाटतो. पिल्लाला साखळी लावून मिरवणुकीच्या कडेला उभं करणं, किंवा दसऱ्याला कवठे एकंदची आतषबाजी दाखवायला नेणं, यात त्याच्या हातात काहीच नसतं. पळता येत नाही, लपता येत नाही. फटाक्याला कायद्याने दिलेली मर्यादाच फुटल्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल आहे. तेवढ्या दणक्यात कुत्रा काही शिकत नाही, तो मिटून जातो.

खरी सवय लागते ती आवाज इतका लहान असताना, की तो ऐकूनही कुत्रा खात राहतो. फोनवर फटाक्यांचं रेकॉर्डिंग अगदी बारीक लावा, आवाज आला की लगेच उकडलेल्या कलेजीचा तुकडा द्या. आधी आवाज, मग खाऊ, हा क्रम चुकवू नका. आवाज वाढवायचा तो दिवसागणिक थोडा थोडा, आणि त्याने खाणं थांबवलं की लगेच मागे यायचं. हे काम सणाच्या आधी कित्येक महिने सुरू व्हायला हवं. डॉल्बीचा जमिनीतून येणारा दणका मात्र फोनच्या स्पीकरमधून येत नाही. त्यासाठी ढोलपथकांच्या सरावाचे दिवस उपयोगी पडतात: ढोल जेमतेम ऐकू येईल इतक्या लांब थांबा आणि कुत्रा जमिनीचा वास घेत, खात फिरतोय का ते पाहा. जवळ जायची घाई नको.

प्रत्यक्ष सणात, किंवा वळवाचा गडगडाट सुरू झाला की, त्याच्या हातात काहीतरी द्या. आतली खोली, जिन्याखालचा कोपरा, शिलाई मशिनखालची जागा, जी त्याने स्वतः निवडली असेल ती. तिथे जुनी गोधडी टाका, पंखा लावा, खिडकीवर जाड चादर सोडा आणि दार उघडं ठेवा. आत जायचं की बाहेर यायचं हे तो ठरवेल. ओढून बाहेर काढू नका, आणि कोंडूही नका.

जवळ घ्यावं का? घ्यावं, तो जवळ येत असेल तर. लाड केले की भीती वाढते ही समजूत घट्ट बसली आहे, पण भीती काही बक्षिसासाठी केलेली खोडी नव्हे. स्वित्झर्लंडमध्ये कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक श्टेफानी रीमर यांनी हजारभर मालकांना फटाक्यांच्या भीतीवरचे उपाय विचारले. धमाका झाला की लगेच खाऊ किंवा खेळ देणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के लोकांना त्याचा उपयोग झाला होता. औषधांचा गुण आल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाणही जवळपास तेवढंच होतं.

औषधांतही गप्प आणि निवांत यांचा हाच घोटाळा होतो. एसिप्रोमॅझिन ही गुंगीची गोळी वर्षानुवर्षं दिली जाते. तिने अंग सैल पडतं, कुत्रा झुलतो, हलत नाही; घरच्यांना वाटतं, चला, झोपला. पण भीती तिने कमी होत नाही. आत तो सगळं ऐकत असतो आणि आता त्याला पळताही येत नाही. काही कुत्री तर या गोळीने आवाजाला जास्तच दचकतात. भीतीच कमी करणारी औषधं वेगळी आहेत. हिरडीवर लावायचं डेक्समेडेटोमिडीनचं जेल अमेरिकेत २०१५ मध्ये खास आवाजाच्या भीतीसाठी मंजूर झालं. कोणतं औषध आणि किती, ते पशुवैद्यच ठरवणार. घरातली माणसांची गोळी अर्धी करून देऊ नका.

जन्मभर फटाक्यांकडे ढुंकून न पाहिलेला कुत्रा म्हातारपणी अचानक घाबरू लागला, तर सांधे आणि पाठ आधी तपासून घ्या. ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठाच्या २०१८ च्या एका छोट्या अभ्यासात असा संबंध दिसला होता. संशोधकांचा अंदाज असा: दचकून अंग आखडतं, दुखऱ्या जागी कळ येते, आणि आवाज आणि दुखणं यांची गाठ पडते.

गणपतीच्या निदान महिनाभर आधी डॉक्टरांकडे जा आणि स्पष्ट विचारा, "हे भीती कमी करणारं आहे की नुसती गुंगी आणणारं?" मागच्या दिवाळीतला त्याचा व्हिडिओ असेल तर दाखवा, कारण तपासणीच्या टेबलावर तो वेगळाच वागतो. औषध मिळालं तर पहिला डोस डॉक्टरांच्या सल्ल्याने एखाद्या साध्या दिवशी देऊन बघा: हाक मारल्यावर बघतो का, चालताना झोकांड्या जातात का, तुकडा खातो का. जे दिसेल ते त्यांना कळवा, म्हणजे विसर्जनाच्या आधी डोस बदलायला वेळ राहतो.