कॅम बदलला की ॲव्हरेज का पडतं

साताऱ्यात कॅम, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, बदलायचा विषय निघतो तो बहुधा जुन्या जिप्सीवरून. यवतेश्वरच्या चढाला गाडी ओढत नाही, म्हणून 'रेसिंग कॅम' बसवायचा. पण तो कॅम मुळात चढासाठी निघालेलाच नाही. अमेरिकेत 1930-40 च्या दशकांत हौशी लोक कंपनीच्या कॅमचे लोब (व्हॉल्व्ह दाबणारे उंचवटे) घासून त्यांचा आकार बदलत. त्यांना सपाट रस्त्यावर वेग हवा होता, ॲव्हरेज कुणी विचारत नव्हतं.

रुंद लोबमुळे पिस्टन वर यायला लागला तरी इनटेक व्हॉल्व्ह (हवा आत घेणारा) उघडाच राहतो. 5,500 आरपीएमला आत येणाऱ्या हवेला जोर असतो, सिलिंडर चांगला भरतो. 2,000 ला तीच हवा पिस्टन मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आणणाऱ्या नळीत, परत ढकलतो. दाब कमी पडतो, टॉर्क (इंजिनाची ओढ) जातो, खालच्या गिअरवर पाय दाबून चढावं लागतं. पेट्रोल तिथं जातं.

ओव्हरलॅपही वाढतो, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट (जळका वायू बाहेर सोडणारा) व्हॉल्व्ह एकत्र उघडे राहण्याचा काळ. आयडलिंगला जळका वायू उलटा शिरतो आणि मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम घटतो. कार्ब्युरेटरच्या जमान्यात जेट बदलून थोडंफार सावरता यायचं. एमपीएफआयमध्ये (कॉम्प्युटरवर चालणारं पेट्रोल इंजेक्शन) मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर फसतो: व्हॅक्यूम कमी, म्हणजे इंजिनवर लोड आहे असं समजून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवतो. न जळलेली हवा एक्झॉस्टमध्ये गेली की ऑक्सिजन सेन्सरही 'मिश्रण पातळ आहे' असंच सांगतो. रीमॅप न करता, म्हणजे ईसीयूचं सेटिंग न बदलता, कॅम टाकणं म्हणजे पैसे देऊन ॲव्हरेज घालवणं.

होंडाने 1989 मध्ये व्हीटेक आणून एकाच शाफ्टवर कमी आणि जास्त आरपीएमचे वेगळे लोब दिले. टोयोटाच्या 1997 च्या प्रियसमध्ये तर इनटेक व्हॉल्व्ह मुद्दाम उशिरा बंद होतो, आणि इंधन वाचतं! हा दाखला देणारे पुढचं सांगत नाहीत. तिथं कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधलं मिश्रण किती दाबलं जातं ते प्रमाण) सुमारे 13 ला 1 आहे आणि खालचा टॉर्क इलेक्ट्रिक मोटर भरून काढते. आपल्या जुन्या इंजिनात यातलं काहीच नाही.

तरीही बदलायचाच असेल, तर ड्युरेशन (व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहतो) मूळ कॅमच्या जवळ ठेवा, लिफ्ट (तो किती उघडतो) थोडी वाढली तर चालेल. पिस्टनवर खेळण्यातली मऊ माती (प्लॅस्टिसिन) लावून इंजिन हाताने फिरवा आणि दबलेल्या मातीची जाडी मोजा; व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये इनटेकला किमान 2 मिमी, एक्झॉस्टला 2.5 मिमी जागा हवी. टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्हमधली फट) नव्या कॅमच्या मापाने लावा, जुन्या नव्हे. आणि ॲव्हरेज पडलं म्हणून कॅमला शिव्या घालण्याआधी टायमिंग बेल्ट बघा. एक दात चुकला तरी लक्षणं अगदी हीच दिसतात.