दून खोऱ्यातील चुनखडीच्या खाणी : आरोग्य आणि पर्यावरण

चुनखडीच्या उघड्या खाणींमुळे पाणी, डोंगर आणि माणूस यांची कशी हानी होते, याचे भारतातील सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे उत्तराखंडातील दून खोरे. उत्तरेला मसुरीची डोंगररांग, दक्षिणेला शिवालिक, पूर्वेला गंगा आणि पश्चिमेला यमुना यांच्यामध्ये हे खोरे पसरले आहे. डेहराडून हे त्यातील मुख्य शहर. २००० साली उत्तराखंड वेगळे झाले, त्यापूर्वी हा भाग उत्तर प्रदेशात होता. येथील खाणींविरुद्ध १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेले प्रकरण देशातील पर्यावरणविषयक खटल्यांच्या आरंभीचे मानले जाते. खटल्यात खोऱ्याच्या पाण्याचा आणि डोंगरउतारांचा पुष्कळ विचार झाला. खाणीत दगड फोडणाऱ्याच्या छातीचा विचार मात्र त्या मानाने फार कमी झाला, म्हणून या नोंदीत दोन्ही गोष्टी एकत्र घेतल्या आहेत.

खडक आणि पाणी

मसुरीच्या डोंगरातील चुनखडक भूशास्त्रात ‘क्रोल’ या थरसमूहात मोडतो. प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेले हे थर हिमालय उंचावताना वर आले, दुमडले आणि जागोजागी तडकले. त्यातील काही थरांत कॅल्शियम कार्बोनेटचे प्रमाण फार जास्त आहे. त्यामुळे पोलाद, रसायने आणि साखर या उद्योगांकडून या दगडाला मागणी होती. उसाचा रस निवळायला कारखान्यात चुना लागतो, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

डेहराडूनला वर्षाकाठी सरासरी २,००० मिमीहून अधिक पाऊस पडतो. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि ते किंचित आम्लधर्मी होते. असे पाणी चुनखडकाच्या भेगांतून उतरताना खडकाला थोडेथोडे विरघळवत जाते. भेगा रुंदावतात, त्यांच्या पोकळ्या होतात, पोकळ्यांच्या गुहा होतात. पावसाळ्यात डोंगर पाणी पोटात घेतो आणि पुढचे महिने झिरपणाऱ्या माठासारखे ते झऱ्यांतून सोडत राहतो. डेहराडूनजवळच्या सहस्रधारा या ठिकाणी चुनखडकाच्या छतातून सतत ठिबकणारे पाणी पाहिले की हा खडक कसा काम करतो ते डोळ्यांना दिसते.

चुनखडीच्या खाणीचा खरा धोका इथेच आहे. सामान्यतः खाण म्हटली की तुटलेली झाडे आणि उघडे पडलेले उतार आठवतात. ते नुकसान मोठे असले तरी काही अंशी भरून काढता येते. चुनखडीच्या बाबतीत मात्र जो दगड मालमोटारीत भरून नेला जातो, तोच पाण्याचा साठा असतो. भेगाळलेला आणि पोकळ्यांनी भरलेला असा खडक तयार व्हायला लाखो वर्षे लागतात. तो काढून नेला की वर कितीही झाडे लावली तरी पाणी साठवायची जागा परत मिळत नाही. झरे आटतात किंवा उन्हाळ्याआधीच बंद पडतात, आणि पाणी भरायला बायकांना दूर जावे लागते.

डोंगरात न मुरणारे पाणी उतारावरून धावत सुटते. मसुरीचे उतार तीव्र आहेत, आणि याच पट्ट्यातून हिमालयातील एक मोठी विभंगरेषा (खडकांचे थर तुटून सरकलेली रेषा) जात असल्याने खडक आधीच खिळखिळा आहे. अशा जागी सुरुंग लावून दगड काढला जाई आणि कामाचा नसलेला राडारोडा बहुधा तसाच खाली ढकलून दिला जाई. पावसाळ्यात तो ओढ्यांत उतरे. ओढ्यांचे तळ भरून वर येत, पात्रे पसरत आणि काठची शेते दगडगोट्यांखाली जात. पाणचक्क्या आणि पाटांचे पाणी यांवर जगणाऱ्या खेड्यांना याची झळ आधी बसली. सिन्स्यारू खाला हा ओढा त्यांपैकीच एक. त्याच्या परिसरातील ‘नाही कला’ नावाच्या गावच्या लोकांनी १९८६ मध्ये चिपको आंदोलनाच्या वाटेने जाऊन खाणीचा रस्ता अडवला. त्यात बायका आघाडीवर होत्या.

धूळ, चुना आणि छाती

चुनखडीची पांढरी धूळ डोळ्यांना आणि घशाला लगेच जाणवते. डोळे चुरचुरतात, नाक वाहते, खोकला येतो आणि वर्षानुवर्षे ती श्वासात गेली तर श्वासनलिकांचा जुनाट दाह जडतो. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटची धूळ फुप्फुसात कायमचे व्रण करत नाही असे समजले जाते, आणि त्यामुळे चुनखडीची खाण ‘सौम्य’ मानायची सवय आहे. ही समजूत घातक आहे. निसर्गातला चुनखडक क्वचितच शुद्ध असतो. त्यात वाळूचे कण आणि गारेसारख्या कठीण चर्टचे पट्टे असतात. मसुरी भागात तर क्रोल चुनखडकाच्या लगेच वर चर्ट असलेला ‘ताल’ थर येतो. मालदेवता आणि दुर्माला येथील फॉस्फोराइट हा फॉस्फेटयुक्त खडक याच थरातला. गार, वाळू आणि चर्ट यांत स्फटिकरूप सिलिका असते, आणि ती फुप्फुसात गेली की परिणाम वेगळा होतो.

सिलिकाचे अगदी बारीक, डोळ्यांना न दिसणारे कण वायुकोशांपर्यंत पोहोचतात. शरीरातल्या भक्षक पेशी त्यांना गिळतात, पण पचवू शकत नाहीत आणि स्वतःच मरतात. त्या जागी व्रण होतो, त्याच्या गाठी बनतात आणि फुप्फुस ताठर होत जाते. हाच सिलिकोसिस. तो बरा करणारे औषध नाही. काम सोडल्यावरही तो वाढत राहू शकतो. मध्यम प्रमाणातल्या धुळीत काम करणाऱ्याला लक्षणे दिसायला बहुधा दहा वर्षे किंवा अधिक काळ लागतो. तोवर तो मजूर दुसऱ्या खाणीवर किंवा परत गावी गेलेला असतो. सिलिकामुळे क्षयरोगाचा धोकाही वाढतो आणि दोन्ही रोगांची लक्षणे मिळतीजुळती असतात. त्यामुळे पुष्कळ रोग्यांना क्षयाच्या गोळ्या मिळतात आणि खाणीचे नाव केसपेपरवर येतच नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये स्फटिकरूप सिलिका हा माणसात कर्करोग निर्माण करणारा पदार्थ असल्याचे जाहीर केले.

धूळ कमी करण्याचे उपाय साधे आहेत. छिद्र पाडताना पाण्याचा वापर करायचा, क्रशर आणि दगड वाहून नेणारे सरकते पट्टे झाकायचे, खाणीतले रस्ते ओले ठेवायचे. तोंडावर बांधलेला रुमाल किंवा पदर हा मात्र उपाय नाही. बारीक कण कापडातून सहज आत जातात. सुरुंगाच्या आणि यंत्रांच्या आवाजाने हळूहळू कान जातात. हाती ड्रिल वर्षानुवर्षे धरणाऱ्यांची बोटे थंडीत पांढरी पडतात आणि बधिर होतात. सुरुंगाने उडालेला दगड हद्दीबाहेर पडणे, धक्क्यांनी कच्च्या घरांच्या भिंतींना चिरा जाणे या तक्रारी खाणपट्ट्यातल्या प्रत्येक गावात ऐकू येतात.

खाणीजवळ चुन्याची भट्टी असेल तर आणखी एक धोका येतो. सुमारे ९०० अंश सेल्सियसला चुनखडी भाजली की १०० किलो शुद्ध दगडापासून ५६ किलो कळीचा चुना मिळतो आणि उरलेले ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जाते. म्हणजे इंधनाचा धूर बाजूला ठेवला तरी सिमेंट आणि चुना या उद्योगांचा हवामानबदलातला हा वाटा दगडातूनच येतो. कळीचा चुना पाण्याला लागला की उकळतो. घामेजलेल्या कातडीवर किंवा डोळ्यात पडला तर खोल भाजतो, आणि अशा अल्कधर्मी भाजण्याने बुबुळ कायमचे पांढरे पडू शकते. तंबाखूच्या चुन्याची पुडी फुटून मुलांचे डोळे जातात, त्यामागे विरलेल्या चुन्याचा हाच अल्कधर्म असतो. डोळ्यात चुना गेला तर आधी भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवायचे आणि मग दवाखाना गाठायचा.

खटला

दून खोऱ्यात मोठ्या प्रमाणावर खाणपट्टे, म्हणजे खाणकामाचे भाडेपट्टे, दिले गेले ते १९६२ पासून, वीस वर्षांच्या मुदतीने. मुदत संपत आली तेव्हा खोऱ्याचे रूप पालटले होते. १९८३ मध्ये डेहराडूनच्या ‘रूरल लिटिगेशन अँड एन्टायटलमेंट केंद्र’ या संस्थेने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. अवधाश कौशल हे या संस्थेचे संस्थापक. न्यायालयाने ते पत्रच रिट याचिका म्हणून स्वीकारले. सामान्य माणसाच्या पत्राची अशी दखल घेतली जाणे हे त्या काळी नवे होते.

खाणींची पाहणी करायला नेमलेल्या समितीचे प्रमुख होते डी. एन. भार्गव, नागपुरात मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्यूरोचे महानियंत्रक. समितीने खाणींचे अ, ब, क असे तीन वर्ग केले, आणि त्यांत ‘क’ वर्गातील खाणी सर्वाधिक हानिकारक ठरल्या. १२ मार्च १९८५ च्या आदेशाने ‘क’ वर्गातील खाणी कायमच्या बंद झाल्या. मसुरी नगरपालिकेच्या हद्दीतील खाणकामही थांबले. पट्टेदारांना यात त्रास होईल हे न्यायालयाने मान्य केले. पण निरोगी पर्यावरणात जगण्याचा लोकांचा हक्क आणि त्यांची गुरे, घरे व शेती राखायची तर ती किंमत मोजावीच लागेल, असे त्याने म्हटले. गुरे, घरे, शेती हे शब्द निकालात यावेत, ही माझ्या मते त्यातली मोठी गोष्ट आहे. ३० ऑगस्ट १९८८ च्या निकालाने बहुतेक सर्व खाणींचा शेवट झाला आणि पुनर्वसनावर देखरेखीसाठी समिती नेमली गेली. १ फेब्रुवारी १९८९ रोजी केंद्र सरकारने खोऱ्यातील खाणकाम व उद्योगांवर निर्बंध घालणारी अधिसूचना काढली.

कामगार या निकालात येतो तो मुख्यतः रोजगार गमावणारा म्हणून. त्याला वनीकरणाच्या आणि मृदसंधारणाच्या कामावर शक्य तितके सामावून घ्यावे, असे न्यायालयाने सांगितले. खाणीत वर्षे काढलेल्यांची छाती तपासावी, हा त्या खटल्याचा प्रश्नच नव्हता. खाण कायदा, १९५२ खाली सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेला रोग होता, आणि खाणकामगारांची ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणीही सक्तीची होती. मात्र त्यासाठी कामगाराचे नाव हजेरीपटावर असावे लागे. कंत्राटदाराच्या हाताखाली रोजावर दगड फोडणाऱ्याकडे आपण त्या खाणीत होतो हे दाखवणारा कागद नसतो, आणि कागद नसला की भरपाईचा दावा उभा राहत नाही.

उतार पुन्हा हिरवे करण्याच्या कामात सैन्याच्या पर्यावरण दलाचा मोठा वाटा आहे. माजी सैनिकांची, गढवाल रायफल्सशी संलग्न अशी प्रादेशिक सेनेची १२७ वी बटालियन १९८२ मध्ये याच कामासाठी उभारली गेली. चुनखडीच्या राडारोड्यावर माती जवळजवळ नसते, अल्कता जास्त असते आणि पाणी टिकत नाही. त्यामुळे आधी दगडी बांध घालून घसरण थांबवायची, मग गवत आणि झुडपे, आणि त्यानंतर झाडे, असा क्रम ठेवावा लागतो. मसुरीच्या उतारांवर पूर्वी दिसणारे पांढरे ओरखडे आज बरेच झाकले गेले आहेत.

महाराष्ट्रातील चुनखडी

दख्खनच्या पठारावर काळा बेसाल्ट असल्याने पूर्वी घाण्यात मळल्या जाणाऱ्या चुन्यासाठी मुख्यतः चुनकंकर, म्हणजे मातीत सापडणारे चुन्याचे खडे, भाजला जाई. थरांची चुनखडी पूर्व विदर्भात आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा आणि कोरपना तालुके आणि यवतमाळ जिल्ह्यातील वणी परिसर हा तिचा पट्टा. गडचांदूर आणि आवारपूर येथील सिमेंट कारखाने याच दगडावर उभे आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह अतिप्रदूषित क्षेत्रांत होते. त्यात कोळसा आणि औष्णिक वीज यांचा भार मोठा असल्याने सारा दोष चुनखडीवर टाकता येणार नाही.

इथली जमीन सपाट असल्याने दरडींचा प्रश्न मसुरीसारखा नाही. खदान खोल जाऊन भूजलाच्या पातळीखाली उतरली की आत येणारे पाणी पंपाने उपसावे लागते, आणि भोवतालच्या विहिरींचे पाणी खदानीकडे ओढले जाते. रस्त्याकडेच्या कपाशीवर धुळीचा थर बसतो, पानांचा उजेड अडतो आणि बोंडे मळतात. २००३ पासून खाण बंद करण्याचा आराखडा आधीच मंजूर करून घ्यावा लागतो, आणि हे काम नागपूरच्या खाण ब्यूरोकडेच आहे. नियमाप्रमाणे वरचा मातीचा थर वेगळा काढून, वेगळा रचून ठेवायचा आणि खदान भरून आल्यावर पुन्हा पसरायचा असतो. कोरपना-राजुरा भागात हा थर म्हणजे कापसाची काळी माती. ती एकदा मुरूम-दगडाच्या ढिगात मिसळली की चाळून वेगळी काढता येत नाही.