आदित्य सूर्याच्या जवळ गेलाच नाही

चांद्रयान-3 चंद्रावर उतरून जेमतेम दहा दिवस झाले होते. 2 सप्टेंबर 2023 रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी57 रॉकेट इस्रोचं सूर्यनिरीक्षक यान आदित्य-एल1 घेऊन उडालं आणि सगळीकडे ‘सूर्यावर स्वारी’ची भाषा सुरू झाली. चंद्रावर गेलो, आता सूर्यावर. उत्साह समजण्यासारखा होता, पण त्यात आकड्यांचा बळी गेला. सूर्य आपल्यापासून सरासरी 15 कोटी किलोमीटर दूर आहे. आदित्य गेला 15 लाख किलोमीटर, म्हणजे वाटेचा शंभरावा भाग. पुढच्या नव्याण्णव भागांशी त्याला काही कर्तव्यच नव्हतं.

सूर्याला खेटून जाणारं यान वेगळं आहे. नासाचं पार्कर सोलर प्रोब 24 डिसेंबर 2024 रोजी सूर्याच्या पृष्ठभागापासून सुमारे 61 लाख किलोमीटरवरून गेलं, तेही ताशी जवळपास 6 लाख 90 हजार किलोमीटर वेगाने. पण इतक्या जवळ गेल्यावर सूर्याकडे थेट बघता येत नाही. पार्करचा कॅमेरा उष्णतारोधक ढालीच्या आडून बाजूला बघतो. शिवाय त्या जवळिकीचा काळ प्रत्येक फेरीत थोडाच असतो. आदित्यचं काम नेमकं उलटं आहे. सोयीच्या अंतरावर बसायचं आणि सूर्याकडे टक लावून बघत राहायचं. या मोहिमेत मोलाची आहे ती ही बैठक.

त्या बैठकीचं नाव एल1, म्हणजे गणितज्ञ लाग्रांजच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, सूर्य आणि पृथ्वी यांच्या संदर्भातल्या पाच बिंदूंपैकी पहिला. इथे सूर्याचं आणि पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण एकमेकांना रद्द करतं, असं बहुतेक ठिकाणी सांगितलं जातं. ते चूक आहे. दोघांची ओढ समसमान होते ती जागा पृथ्वीपासून फक्त 2 लाख 60 हजार किलोमीटरवर, म्हणजे चंद्राच्याही अलीकडे आहे. एल1 तिच्या कितीतरी पलीकडे आहे आणि तिथे सूर्याची ओढ स्पष्टपणे जास्त आहे. मग यान सूर्याकडे ओढलं का जात नाही? कारण तेही सूर्याभोवती फिरतं आहे. सूर्याच्या जितकं जवळ, तितकी प्रदक्षिणा लवकर पूर्ण होते. पृथ्वी नसतीच, तर एल1च्या अंतरावरचं यान सुमारे 360 दिवसांत फेरी पूर्ण करून पुढे निघून गेलं असतं. पण मागून पृथ्वी त्याला थोडं ओढून धरते. सूर्याची ओढ तेवढ्याने कमी पडते आणि यानाचं वर्ष पृथ्वीच्या वर्षाएवढं होतं. त्यामुळे दोघं एका रेषेत राहून बरोबरीने फिरतात.

ही जागा मात्र स्थिर नाही. जरा ढळलं की यान आणखी ढळत जातं. शिवाय नेमक्या एल1वर ठेवलं, तर पृथ्वीवरच्या अँटेनाला यानाच्या बरोबर पाठीमागे सूर्य दिसेल आणि सूर्याच्या रेडिओ गोंगाटात यानाचा संदेश बुडेल. म्हणून आदित्य एल1भोवती एका मोठ्या, वाकड्या कड्यात फिरतो. या कक्षेत तो 6 जानेवारी 2024 रोजी दाखल झाला. एका फेरीला सुमारे 178 दिवस लागतात. पहिली फेरी 2 जुलै 2024 ला पूर्ण झाली आणि तेवढ्यात तीनदा छोटे रेटे देऊन त्याला वाटेवर आणावं लागलं.

मुळात हे सगळं योजलेलंच नव्हतं. 2008च्या सुमारास विचार होता तो 400 किलोच्या लहान उपग्रहाचा. त्यावर एकच उपकरण असणार होतं आणि तो पृथ्वीपासून 800 किलोमीटरवर फिरणार होता. पुढे जागा बदलली, सूर्य अखंड दिसण्याची सोय झाली आणि एकाची सात उपकरणं झाली. चार सूर्याकडे बघतात. तीन जागच्या जागी मोजमाप करतात, म्हणजे अंगावरून वाहणारे कण आणि चुंबकीय क्षेत्र.

बघणाऱ्या चौघांतलं एक पुण्याचं. ‘सूट’ नावाची ही दुर्बीण आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या नेतृत्वाखाली घडली; दुर्गेश त्रिपाठी आणि ए. एन. रामप्रकाश हे तिचे प्रमुख संशोधक. ती 200 ते 400 नॅनोमीटरच्या अतिनील पट्ट्यात सूर्याची पूर्ण चकती टिपते. यातला बराचसा प्रकाश पृथ्वीवरच्या ओझोन थरात शोषला जातो. आपल्या कातडीच्या दृष्टीने हे उत्तमच, पण खगोलशास्त्रज्ञांसाठी ती बंद खिडकी आहे. दुर्बिणीतून सूर्याकडे पाहू नका असं आपण मुलांना बजावतो, आणि इथे तर आख्खी दुर्बीण वर्षानुवर्षं सूर्यावरच रोखलेली! म्हणून तिच्या तोंडाशी लावलेली खास लेप दिलेली काच एक टक्क्याहूनही कमी प्रकाश आत सोडते. पुढे वेगवेगळ्या 11 गाळण्या आहेत. मॅग्नेशियमच्या रेषेसाठीची, म्हणजे ते मूलद्रव्य सोडतं त्या ठरावीक रंगासाठीची, गाळणी लावली की पृष्ठभागाच्या जरा वरचा थर दिसतो, दुसरी लावली की त्याखालचा. 22 फेब्रुवारी 2024 रोजी उसळलेली एक्स6.3 तीव्रतेची (एक्स हा सर्वात तीव्र वर्ग) सौरज्वाला, म्हणजे सूर्यावरचा अचानक भडका, सूटने अशीच टिपली. सूर्याच्या वातावरणाच्या खालच्या थरांत ती कुठे पेटली, हे तिच्या चित्रांत दिसतं.

सगळ्यात अवघड काम मात्र ‘व्हेल्क’चं. बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेने बनवलेलं हे उपकरण प्रभामंडळ पाहतं. प्रभामंडळ म्हणजे खग्रास ग्रहणात काळ्या चंद्राभोवती दिसणारी मोतिया झळाळी. सूर्याच्या चकतीपुढे तिचा उजेड लाखपटींनी फिका असतो. धुळकट काचेची गाडी मावळत्या सूर्यासमोर चालवणाऱ्याला यातली अडचण कळेल: काचेवरचा प्रत्येक कण उजळतो आणि समोरचं काहीच दिसत नाही. व्हेल्कमधल्या दुसऱ्या आरशाला मधोमध भोक आहे. चकतीचा प्रचंड उजेड त्यातून बाहेर जातो आणि फक्त कडेचा प्रभामंडळाचा प्रकाश पुढे सरकतो. मुख्य आरशावर थोडासा जरी खडबडीतपणा किंवा धूळ राहिली असती, तरी हा खटाटोप वाया गेला असता. त्यामुळे उपकरणाची जुळणी होसकोटे इथल्या अतिस्वच्छ दालनात झाली.

एकेकाळी प्रभामंडळ बघायचं तर ग्रहणाची वाट पाहावी लागे. 22 जानेवारी 1898 चं ग्रहण महाराष्ट्रावरून गेलं, तेव्हा इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर आपला ताफा घेऊन विजयदुर्गावर आले होते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला तळ ठोकून होते, आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडीही तिथेच होती. इतकी जमवाजमव कशासाठी, तर सुमारे दोन मिनिटांच्या अंधारासाठी. जाता जाता एक खुलासा. हेलियमचा शोध 1868 मध्ये विजयदुर्गावर लागला असं कोकणात अभिमानाने सांगतात. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्येच होते आणि हेलियमची ओळख पटवणारी पिवळी रेषा त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहणाशिवाय पाहिली. विजयदुर्गाचा मान खरा आहे, पण तो तीस वर्षं नंतरचा.

1869 च्या ग्रहणात प्रभामंडळाच्या वर्णपटात, म्हणजे प्रकाश रंगांत फाकवल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यात, एक हिरवी रेषा सापडली होती. ती कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून ‘कोरोनियम’ नावाचं नवं मूलद्रव्य कल्पिलं गेलं. विजयदुर्ग आणि जेऊरच्या वेळीही ते कोडं तसंच होतं. ते सुटलं 1940 च्या आसपास, वॉल्टर ग्रोट्रियन आणि बेंग्ट एडलेन या शास्त्रज्ञांच्या कामातून. ती रेषा साध्या लोखंडाची निघाली, फक्त त्याचे 13 इलेक्ट्रॉन उडालेले होते. लोखंडाची अशी अवस्था व्हायला दहा-वीस लाख अंश तापमान लागतं. सूर्याचा पृष्ठभाग जेमतेम साडेपाच हजार अंशांचा. आचेपासून दूर जावं तसा आणखी ताप वाढावा, हे अजूनही पूर्णपणे उलगडलेलं नाही. चुंबकीय लहरी ऊर्जा वर नेतात, की असंख्य चिमुकले स्फोट ती सोडतात, यावर वाद चालू आहे.

व्हेल्क हीच 530.3 नॅनोमीटरची हिरवी रेषा पाहतं. 16 जुलै 2024 रोजी सूर्याच्या कडेवरून द्रव्याचा एक मोठा लोट बाहेर फेकला गेला, तेव्हा त्या भागातला रेषेचा उजेड जवळपास निम्म्याने घटल्याचं त्यात नोंदलं गेलं. लोट निघतानाच, तोही सूर्याच्या इतक्या लगत, वर्णपटात पकडणं दुर्मीळ आहे.

टक लावून बघणाऱ्याचाही डोळा कधी मिटलेला असतो. मे 2024 मध्ये दोन दशकांतलं सर्वात तीव्र भूचुंबकीय वादळ, म्हणजे सूर्याच्या लोटांनी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात उठवलेली खळबळ, आलं आणि लडाखमधल्या हानलेचं आकाश लाल झालं. त्या वेळी सूट आणि व्हेल्क दोन्ही साफसफाई आणि जुळवाजुळवीच्या टप्प्यात होती. चित्रं हुकली. मात्र क्ष-किरण उपकरणांनी ज्वाला नोंदवल्या आणि अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या ‘अस्पेक्स’ या उपकरणाने अंगावरून जाणारा सौरवाऱ्याचा, म्हणजे सूर्याकडून वाहणाऱ्या कणांचा, झोत मोजला.

असे झोत उपग्रह बिघडवू शकतात, वीजवाहिन्यांचं जाळं बंद पाडू शकतात. सूर्यावरून निघालेला लोट पृथ्वीपर्यंत यायला साधारण एक ते तीन दिवस घेतो, त्यामुळे तो निघताना दिसला की सावध व्हायला वेळ मिळतो. पण तो किती बाधेल, हे बरंचसं त्याच्यातल्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेवर ठरतं. ती दक्षिणेकडे असेल, तर पृथ्वीचं चुंबकीय कवच त्याला वाट करून देतं. ही दिशा दुरून नीट ओळखता येत नाही. झोत आदित्यच्या सहा मीटर लांब दांड्यावरच्या चुंबकमापकाला भिडतो, तेव्हाच ती कळते. तिथून पृथ्वी त्याला अर्ध्या ते एक तासाच्या अंतरावर उरलेली असते.