चिकनगुनियाचं एक अक्षर

बार्शीची १९७३ सालची साथ ओसरली आणि चिकनगुनिया भारतातून जणू गायबच झाला. परतला तो २००५ च्या अखेरीस. पुढच्या वर्षी महाराष्ट्रातही गावंच्या गावं गुडघे धरून बसली.

त्याच काळात हिंदी महासागरातल्या रियुनियन या फ्रेंच बेटावर सुमारे एक तृतीयांश लोकांना लागण झाली. कोडं डासाचं होतं. हा आजार मुख्यतः एडिस इजिप्ती पसरवतो, आणि तो तिथे फारसा नव्हताच. होता एडिस अल्बोपिक्टस. पाठीवर मधोमध पांढरी रेघ असलेला हा टायगर डास तोवर दुय्यम वाहक मानला जाई.

विषाणूचं आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय मजकूर, वाचल्यावर एक बदल डोळ्यांत भरला: विषाणूच्या आवरणातल्या ई१ या प्रथिनात २२६ व्या जागी अ‍ॅलानिन हे अमिनो आम्ल जाऊन व्हॅलिन आलं होतं. सुमारे पावणेबारा हजार अक्षरांत एका सी च्या जागी यू. पण नुसत्या संशयावर गुन्हा शाबीत होत नाही. त्यासाठी या एका जागेखेरीज तंतोतंत सारखे दोन विषाणू हवेत, आणि अशी जुळी निसर्गात शोधून सापडत नाहीत.

ती बनवण्याची युक्ती मात्र जुनी. आरएनएत थेट काटछाट करणं अवघड, म्हणून त्याची डीएनए प्रत काढून ती जिवाणूंमध्ये वाढवायची. १९८१ मध्ये रॅकॅनिएलो आणि बाल्टिमोर या शास्त्रज्ञांनी पोलिओची अशी प्रत पेशींत घातली, तर जिवंत विषाणू बाहेर आला! १९८७ मध्ये चिकनगुनियाचा चुलतभाऊ असलेला सिंडबिस विषाणू असाच साधला. १९८९ मध्ये पीतज्वराचा. त्याची अखंड प्रत जिवाणूंना पचेना, म्हणून दोन तुकडे वेगळे वाढवून परीक्षानळीत जोडावे लागले.

२००७ मध्ये टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनच्या संशोधकांनी चिकनगुनियाच्या अशाच डीएनए प्रतीत तेवढीच जागा बदलली आणि दोन्ही विषाणू रक्तात मिसळून डासांना पाजले. व्हॅलिनवाल्या विषाणूला अल्बोपिक्टसमध्ये शिरकाव करायला जवळपास शंभरपट कमी मात्रा पुरली. इजिप्तीत मात्र त्याला फायदा झाला नाही. उलट किंचित तोटाच.

भारतात २००६ च्या साथीतल्या विषाणूत हा बदल नव्हता. २००७ मध्ये केरळात तो सापडला. तिथे रबराच्या झाडांना चीक गोळा करायला वाट्या बांधतात. त्यांत साचलेल्या पावसाच्या पाण्यात अल्बोपिक्टस वाढतो.