ट्रॅक्टरवरचं साल सोलणी मशीन: घेण्याआधी काय मोजायचं, घेतल्यावर बिनसलं तर काय तपासायचं

(आमच्या तुर्भे येथील वर्कशॉपच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

मुरबाड, शहापूर, कर्जत, पनवेल भागातून साल सोलणी मशीनची जी तक्रार येते ती साधारण एकाच सुरात असते: दाखवलं तेव्हा झकास चाललं, घरी आणल्यावर सालीचे पट्टे राहतात, ट्रॅक्टर दबतो, दिवसाचं काम निम्म्यावर येतं. उघडून पाहिलं तर मशीन मोडकं नसतं. ट्रॅक्टर, लाकूड आणि मशीन या तिघांची मापं कुणी एकत्र धरून पाहिलेली नसतात. माल खराब निघतच नाही असं नाही, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. पण भांडायला जाण्याआधी मोजून घ्या.

नावाचा घोळ

'लॉग पीलिंग मशीन' या एका नावाखाली बाजारात तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. प्लायवूडवाल्यांचं पीलिंग म्हणजे ओंडका गोल फिरवून त्याचा सलग पातळ थर, म्हणजे व्हिनिअर, काढणं. कुंपणाचे खांब, मांडवाच्या किंवा परांचीच्या बल्ल्या तयार करणाऱ्याला हवं असतं डिबार्कर, फक्त साल काढणारं. तिसरं राउंडिंग मशीन. ते सालीबरोबर लाकूडही खातं, कारण ओंडका गोल करणं हेच त्याचं काम. कोटेशनवर 'बल्लीची साल काढण्यासाठी' हे शब्द लिहून घ्या. त्याचा उपयोग शेवटी कळेल.

ट्रॅक्टर पुरतो का

३५ एचपीचा ट्रॅक्टर म्हणजे पीटीओवर (जोडलेलं मशीन फिरवणारा, ट्रॅक्टरच्या मागचा शाफ्ट) ३५ एचपी नव्हे. साधारण ८५ टक्के, म्हणजे तीसच्या आसपास मिळतात. मशीनच्या कागदावर '३५ एचपी' असेल तर ते इंजिनचे की पीटीओचे, हे विचारा. उत्तर तोंडी नको.

पीटीओचा वेग मिनिटाला ५४० फेरे. हा वेग इंजिनच्या किती आरपीएमला मिळतो हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं. मीटरवर खूण असते, नाहीतर पुस्तकात दिलेलं असतं. अंदाजाने थ्रॉटल ठेवणाऱ्याच्या मशीनची पात्यांची डिस्क हळू फिरते, मग पातं साल कापत नाही, उपटतं.

पीटीओ शाफ्टचे दात मोजा. आपल्याकडच्या ट्रॅक्टरला सहसा ६ दातांचा ३५ मिमी शाफ्ट असतो. बाहेरून आलेल्या किंवा जुन्या मशीनला २१ दातांची कपलिंग दिसली तर ते १००० फेऱ्यांसाठी बनवलेलं आहे. अडॅप्टर बसवून ते जोडता येतं, विकणारा तेच सुचवतो, आणि फसगत तिथेच होते. मशीन फिरतं, आवाजही येतो, पण डिस्क जेमतेम निम्म्या वेगाने फिरत असते. अडॅप्टरने दात जुळतात, वेग वाढत नाही.

लोअर लिंकच्या (मशीन उचलणाऱ्या मागच्या खालच्या दोन दांड्यांच्या) पिना २२ मिमी की २८ मिमी हेही बघा. बुश घालून भागतं, पण २२ च्या पिनवर २८ चं छिद्र तसंच ठेवलं तर मशीन हादरत राहतं. मशीनचं वजन लिफ्टच्या क्षमतेत बसायला हवं. उचलल्यावर ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी पडत असतील तर पुढे वजनं लावल्याशिवाय रस्त्यावर काढू नका.

ओंडका पुढे सरकवायला हायड्रॉलिक मोटर असेल तर ट्रॅक्टरला बाहेरचा ऑक्झिलरी व्हॉल्व्ह आहे का, आणि पंप मिनिटाला किती लिटर तेल देतो, हे दोन प्रश्न विचारा. मोटरला ४० लिटर हवे आणि पंप २५ देतो, तर रोलर रेंगाळणारच. त्यात मोटरचा दोष नाही.

सालीचे पट्टे का राहतात

सगळ्यात जास्त तक्रारी याच, आणि सगळ्यात सोपा इलाजही यावरच.

या मशीनमध्ये पात्यांची डिस्क एका बाजूला असते आणि दातेरी चाक ओंडक्याला तिरकं टेकलेलं असतं. चाक तिरकं असल्यामुळे ओंडका फिरतो आणि त्याच वेळी पुढेही सरकतो. एका फेरीत तो किती सरकेल हे त्याच्या घेरावर आणि चाकाच्या कोनावर ठरतं. चाक १० अंशांवर असेल तर १५० मिमी जाडीचा ओंडका एका फेरीत साधारण ८३ मिमी पुढे जातो. पातं १०० मिमी रुंदीचं असेल तर काम चोख. त्याच कोनावर २५० मिमीचा ओंडका घाला, तो फेरीला जवळपास १३८ मिमी सरकतो. पातं १०० चंच आहे. उरलेली ३८ मिमी साल नागमोडी पट्टीसारखी ओंडक्याभोवती गुंडाळलेली राहते आणि ग्राहक म्हणतो पातं बोथट आहे.

धार लावून हे जात नाही. चाकाचा कोन ६ अंशांवर आणा, तोच ओंडका साधारण ८२ मिमी सरकेल आणि पट्टी नाहीशी होईल. उलट ७५ मिमीची बारीक बल्ली १० अंशांवर फेरीला ४१ मिमीच सरकते. साफ निघते, पण वेळ खाते. म्हणून ज्या मशीनला कोन बदलायची सोय नाही, ते एकाच जाडीचा माल करणाऱ्यानेच घ्यावं. आमचं मत विचाराल तर रंग आणि स्टिकर बघण्याआधी कोन बदलायचा हा एक बोल्ट शोधा.

पट्टे सरळ रेषेत, लांबीच्या दिशेने राहत असतील तर कारण वेगळं: ओंडका वाकडा आहे किंवा त्यावर खाच आहे, आणि दाब देणारी स्प्रिंग तिथवर पोचत नाही.

लाकूड किती खातं

पातं डिस्कच्या बाहेर जितकं जास्त, तितकी साल लवकर आणि लाकूडही जास्त. साल गेल्यानंतर १०० मिमीच्या बल्लीवरून सगळीकडून ३ मिमी लाकूड निघालं तर जवळपास साडेअकरा टक्के माल ढलप्यांत गेला. १५० मिमीच्या बल्लीत तेच नुकसान आठ टक्क्यांच्या आत राहतं. वजनावर विकणाऱ्याने हा हिशोब आधी करावा. पातं कमीत कमी बाहेर ठेवून सुरुवात करा, साल राहिली तरच शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घालून वाढवा.

नीलगिरीची साल तोडल्यावर लगेच सुटते. वाळली की लाकडाला चिकटते. शिवाय ती लांब धाग्यांची असते, बेअरिंगच्या कडेला दोरीसारखी गुंडाळते आणि ग्रीसचं सील कापते. दर तासाला पीटीओ बंद करून, इंजिनची चावी काढून, ती सुरीने कापून काढायची. सुरूची साल खरबरीत, बाभळीची जाड. दोन्हींना धार लवकर उतरते. नमुना बघताना विक्रेत्याच्या अंगणातलं ताजं लाकूड बघून भुलू नका, स्वतःच्या चार बल्ल्या घेऊन जा. त्यांत एक गाठाळ, एक वाकडी आणि एक महिनाभर पडून असलेली हवीच.

'तासाला दीडशे नग'

हा आकडा खोटा नसतो, अर्धवट असतो. मिनिटाला ६ मीटर वेगाने ८ फुटी, म्हणजे २.४ मीटरची बल्ली २४ सेकंदांत निघते. भागाकार केला की दीडशे येतात. पण बल्ली उचलून ठेवायला आणि निघालेली बाजूला करायला ३० सेकंद धरा, तासातली १० मिनिटं साल उपसण्यात आणि धार बघण्यात धरा, की पंचावन्नच्या आसपास उरतात. कर्जाचा हप्ता पंचावन्नवर बसवा.

हादरे आणि आवाज

जॉइंट शाफ्ट (पीटीओ आणि मशीन जोडणारा) ग्रीसिंगसाठी काढला आणि परत घालताना आतले दोन्ही योक, म्हणजे सांध्याचे दुबेळके, एका रेषेत आले नाहीत, तर नवं मशीनही थरथरतं. शाफ्टच्या दोन नळ्या एकमेकींत किमान एक तृतीयांश तरी असायला हव्यात. उलट फार लांब शाफ्ट मशीन उचलताना तळाला टेकतो आणि पीटीओच्या बेअरिंगवर ठोसा बसतो. असा शाफ्ट मापाने कापून घ्यावा लागतो.

पाती सगळी एकदम काढून धार लावा आणि तराजूवर वजनं जुळवा. एकच बदललं की डिस्कचा तोल जातो. शिअर बोल्ट (जास्त ताण आला की आधी तुटून मशीन वाचवणारा) वारंवार तुटतो म्हणून जाड किंवा कडक बोल्ट बसवणं म्हणजे पुढचा तडाखा थेट गिअरबॉक्सला. बोल्ट का तुटतो ते शोधा: सहसा बोथट पाती, नाहीतर चाकाचा जास्त दाब.

आणि शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर काढून ठेवू नका. ५४० फेरे म्हणजे सेकंदाला ९. सहा सेंटीमीटरच्या शाफ्टवर सेकंदाला पावणेदोन मीटरच्या आसपास कापड गुंडाळलं जातं. गळ्यात टॉवेल, ओढणी, सैल बाही असलेल्या माणसाला तिथे उभं करू नका.

खराब माल कसा ओळखायचा

पात्याच्या कोपऱ्यावर कानस फिरवा. कानस घसरली तर पोलाद कडक केलेलं आहे. चावली आणि चुरा पडला तर पातं मऊ आहे, दोन दिवसांत धार जाईल. डिस्क हाताने फिरवून कडेजवळ खडू स्थिर धरा. खडू एकाच बाजूला लागला तर डिस्क वाकडी आहे. प्लमर ब्लॉकवर (बेअरिंगच्या घरावर) बेअरिंग नंबर दिसायला हवा, घासून काढलेला नको. वेल्डिंगवर रंगाचा जाड थर असेल तर खरवडून बघा. यातलं काही आढळलं तर डिलिव्हरी चलनावर 'तपासून घेतलं' अशी सही करू नका, दोष लिहून सही करा आणि फोटो ठेवा.

वस्तू-विक्री कायदा १९३० च्या कलम १६ नुसार, विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून तुम्ही वापर आधी सांगितला असेल आणि तो त्याच प्रकारचा माल विकत असेल, तर माल त्या वापरास योग्य असणं ही विक्रीची अट धरली जाते. म्हणून ते कोटेशनवरचं वाक्य. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ व्यापारी हेतूच्या खरेदीला लागू होत नाही, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू त्यातून वगळलेली नाही. तक्रार २ वर्षांत, तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगातही करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

मशीन आमच्याकडे आणणार असाल तर जॉइंट शाफ्ट, कोटेशन आणि साल राहिलेली एक बल्ली सोबत आणा. बल्लीवरचा पट्टा आडवा आहे की उभा, यावरूनच निम्मं निदान होतं. ट्रॅक्टर आणायची गरज नाही. पीटीओच्या दातांचा आणि आरपीएम मीटरचा फोटो पुरे.